होणाऱ्या व्याह्यांशी एक डाव

मोजणीदार खोटं बोलले, त्यामागे हेतू वाईट नव्हता. दिवाणखान्यातली शांतता त्यांना सोसवेना, एवढंच.

त्यांच्या मुलीनं आपल्या ऑफिसातला एक मुलगा पसंत केला होता. मुलगा चांगला होता. नोकरी चांगली होती. हरकत घेण्यासारखं काहीच सापडत नसल्यामुळे मोजणीदार आधीच थोडे अस्वस्थ होते. जमीनमोजणी खात्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाला, जिच्यावर कुणाचीच हरकत नाही अशी गोष्ट दिसली, की कागदपत्रं बनावट असणार असं वाटायला लागतं. तर दोन्ही घरांची ओळख व्हावी म्हणून हे तिघं मुलाकडे चहाला गेले. मुलाची आई बोलकी होती, पण ती चहा टाकायला आत गेली. तिला मदत म्हणून मोजणीदारांची बायको मागोमाग गेली. मुलगा-मुलगी गॅलरीत गेली. बाहेर उरले मोजणीदार आणि मुलाचे वडील.

हे वडील म्हणजे निवृत्त दंतवैद्य. सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत. डॉक्टर बोलत नसत. त्यांचं सगळं आयुष्य अशा माणसांच्या सहवासात गेलं होतं, ज्यांच्या तोंडात यांचा हात असे; त्यामुळे समोरच्यानं काही बोलावं आणि आपण त्याला उत्तर द्यावं, ही सवय त्यांना लागलीच नाही. मोजणीदार हवेबद्दल बोलले. डॉक्टर म्हणाले, "हं." मोजणीदारांनी पडद्यांची तारीफ केली. डॉक्टर म्हणाले, "हं." हवा संपली, पडदे संपले, चहा काही येईना. आणि मोजणीदारांची नजर कोपऱ्यातल्या बुटक्या टेबलावर गेली. तिथे एक जाड लाकडी पट होता. त्यावर बारीक उभ्याआडव्या रेघा, आणि बाजूला दोन वाडगे. एकात काळ्या सोंगट्या, एकात पांढऱ्या.

"अरे वा!" मोजणीदार म्हणाले. "गो!"

हे नाव त्यांनी कुठल्याशा प्रतीक्षागृहात एका फाटक्या मासिकात वाचलं होतं. हजारो वर्षं जुना, पूर्वेकडचा खेळ, एवढं वाचून झाल्यावर पान फाटलेलं होतं.

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. "तुम्हीसुद्धा खेळता?"

तासाभरातलं त्यांचं हे पहिलं पुरं वाक्य. अशा वाक्याला नाही म्हणायला काळीज दगडाचं लागतं.

"खेळतो की. थोडंफार."

"किती वर्षं?"

"आता… वर्षं काही मोजली नाहीत," मोजणीदार म्हणाले. ज्या माणसानं रस्त्यानं जातानासुद्धा फुटपाथची रुंदी पावलांनी मोजली, तो हे म्हणाला.

मग डॉक्टर बोलायलाच लागले. त्यांचा जोडीदार मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेला होता. तेव्हापासून ते एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत, आणि दोन्ही बाजूंना कंटाळले होते. आता ते बहिणीकडे महिना-दोन महिने राहून येणार होते. "आलो की बसू," ते म्हणाले, आणि चक्क हसले. त्यांचे दात उत्तम होते.

परत येताना बसमध्ये मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही गो कधी खेळलात?"

"खेळेन."

"बाबा!"

"अगं, पाण्यात पडलं की पोहता येतं."

"तुम्हाला पोहताही येत नाही," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"त्या घरातली हॉलची भिंत बघितलीत?" मुलीनं विचारलं. "अर्धी पिवळी, अर्धी पांढरी?"

"बघितली. म्हटलं, नवी फॅशन असेल."

"फॅशन नाही. रंगाऱ्यानं दोन हात मारले म्हणून सांगितलं, मारला होता एकच. त्याच्या बाबांनी रंगाऱ्याला तिथल्या तिथे थांबवलं, आणि दुसरा बोलावलाच नाही. म्हणतात, भिंत बघितली की आठवण राहते." तिचा आवाज खाली आला. "त्यांना बाकी कशाचंच काही वाटत नाही हो बाबा. उशीर झाला, पेला फुटला, काही नाही. फक्त थाप चालत नाही. आणि मला ते घर आवडलंय."

मोजणीदारांनी उरलेला प्रवास मान हलवत काढला. मुलीला वाटलं, बाबांना पश्चात्ताप होतोय. प्रत्यक्षात ते मनात वेळापत्रक आखत होते.

दुसऱ्या दिवशी ते खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारानं बुद्धिबळ काढलं, कॅरम काढला, सापशिडी काढली. "गो नाही. पण ल्यूडो घेऊन जा. त्यातही घरं असतात." मग मोजणीदारांनी परदेशातून पट आणि सोंगट्या मागवल्या. त्या आल्यासुद्धा, पण पार्सल ऑफिसपर्यंत. तिथल्या खिडकीमागच्या माणसानं पुडक्यावरचा कागद वाचला आणि चष्मा काढला.

"यात दगड आहेत."

"सोंगट्या आहेत. त्या खेळात सोंगट्यांना दगड म्हणतात."

"कागदावर दगडच लिहिलंय. दगड म्हटल्यावर खनिज विभागाचा ना-हरकत दाखला लागतो."

"अहो, खेळायचे आहेत."

"मग खेळणी लिहायला हवं होतं. खेळणी असती, तर लहान मुलांना गिळता येत नाहीत असं प्रमाणपत्र लागलं असतं."

"मुलांसाठी नाहीतच ते."

"मग खेळणी कशी?"

मोजणीदारांना राग यायला हवा होता. पण आयुष्यभर अशाच एका खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला, बाहेरून हे काम इतकं सफाईदार दिसतं याची कल्पना नव्हती. त्यांनी मनोमन त्या माणसाला नमस्कार केला आणि पार्सल तिथेच सोडलं. ते आजही तिथेच आहे.

घोडामैदान जवळ येत होतं. मोजणीदारांनी प्लायवूडचा तुकडा आणला आणि पट स्वतःच आखला. या बाबतीत त्यांचा हात धरणारं खात्यात कुणी नव्हतं. टोकदार पेन्सिल, पोलादी पट्टी, चारही कोन काटकोन. पण इथेच त्यांच्या हातून अशी एक चूक झाली, जी मोजणी खात्याबाहेरच्या कुणाच्या हातून होणं शक्य नाही. गो हा खेळ रेघांवर खेळतात. उभ्या एकोणीस, आडव्या एकोणीस, आणि जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे सोंगटी ठेवायची. मोजणीदारांनी मोबाइलवर तसं चित्रही बघितलं. पण रेघेवर ठेवलेली सोंगटी बघून त्यांनी पट्टी खाली ठेवली. रेघ म्हणजे हद्द. हद्दीवर बांधकाम म्हणजे अतिक्रमण. अतिक्रमण म्हणजे अर्ज, उलट अर्ज, अपील, आणि दोन भावांचं आयुष्यभराचं वैर. हजारो वर्षं टिकलेल्या खेळात असला बेकायदेशीर प्रकार असेल हे त्यांना पटेना. चित्र छापताना सरकलं असावं, असा निर्णय त्यांनी दिला, एकोणीस गुणिले एकोणीस चौकोन आखले, आणि सोंगट्या चौकोनांच्या आत ठेवायच्या असं ठरवलं. प्रत्येकाला आपापला प्लॉट.

सोंगट्यांचा प्रश्न इमारतीनं सोडवला. काळी बटणं शिंप्याकडे पोत्यानं होती. पांढरी नव्हती. तेव्हा तळमजल्यावरचे औषधवाले म्हणाले, "माझ्याकडे मुदत संपलेल्या पित्ताच्या गोळ्या आहेत. चघळायच्या. गोल, पांढऱ्या, एका मापाच्या. फेकणारच होतो." अशा रीतीनं मोजणीदारांची फौज उभी राहिली. एका बाजूला कोटाची बटणं, एका बाजूला पित्तशामक गोळ्या.

आता शिकायचं. खेळाचे नियम इतके थोडे आहेत, की फसवणूक होते. आळीपाळीनं एकेक सोंगटी ठेवायची. ठेवलेली हलवायची नाही. समोरच्याची सोंगटी चारही बाजूंनी घेरली, की ती कैद. शेवटी ज्याच्या ताब्यात जास्त जागा, तो जिंकला. बस्स. मोजणीदारांनी हे वाचलं आणि त्यांची छाती भरून आली. जागा ताब्यात घेणं, हद्दी ठरवणं! हा खेळ नव्हताच, हे त्यांचं खातं होतं.

मोबाइलवर एक शिकवणी सापडली. तिथे सगळ्यात खालच्या पायरीवर नवशिक्यांशी खेळायला एक हसरा पांडा ठेवलेला होता. मोजणीदारांनी पहिल्या खेळीपासून कोपरा धरला आणि कुंपण घालायला घेतलं. सोंगटीला चिकटून सोंगटी, कुठे फट नाही. कोपरा असा बंदिस्त केला की मुंगी शिरू नये. मान वर करून बघतात, तर उरलेला सगळा पट पांड्यानं इकडे एक, तिकडे एक अशा सोंगट्या टाकून खाल्लेला. पडद्यावर पांडा दोन्ही हात हलवत म्हणाला, "छान प्रयत्न!"

मोजणीदारांना वरिष्ठांनी झापलं होतं, जमीनमालकांनी शिव्या दिल्या होत्या, एकदा एका शेतातून बैल मागे लागला होता. पण "छान प्रयत्न" असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

ते रोज खेळले. रोज हरले. मध्ये ते शिडी नावाची एक युक्ती शिकले. त्यात समोरच्याची एक सोंगटी पळते आणि आपण तिला जिन्याच्या पायऱ्यांसारखं तिरकं तिरकं हाकलत पटाच्या काठापर्यंत नेतो. काठाशी ती मरते. मोजणीदारांनी पांड्याची एक सोंगटी अशी अर्ध्या पटावरून हाकलत नेली, आणि वाटेत पांड्याचीच एक जुनी सोंगटी उभी होती हे त्यांना तिथे पोचल्यावर दिसलं. पळणारी तिच्या गळ्यात पडली आणि सुटली, आणि मोजणीदारांची फौज दोन्हीकडून उघडी पडली.

"कुंपणं घालताय, ते ठीक," मागे उभी राहून बायको म्हणाली. "पण आत जमीन किती उरली?"

"तुला यातलं काही कळत नाही."

"मला नाही कळत. पांड्याला कळतं."

माणसाशी खेळावं म्हणून मोजणीदारांनी औषधवाल्यांना बोलावलं. औषधवाले जेवून आलेले, पोट जड. खेळता खेळता त्यांची एक सोंगटी कैद झाली. मोजणीदारांनी ती उचलून बाजूला ठेवली. औषधवाल्यांनी विचारात गढून ती उचलली आणि तोंडात टाकली.

"अहो! कैदी खाल्लात तुम्ही!"

"हात्तिच्या! सवय हो," औषधवाले म्हणाले. "पण बरं वाटलं." मुदत संपली तरी गुण गेलेला नाही, असंही त्यांनी धंद्याच्या प्रामाणिकपणानं सांगितलं. त्यानंतर ते रोज जेवून खेळायला येऊ लागले, आणि पांढरी फौज रणांगणावर नाही तितकी रणांगणाबाहेर घटू लागली.

तेवढ्यात खालच्या बाईंची तक्रार आली. या बाई घरात मुलांना व्हायोलिन शिकवत. रोज संध्याकाळी त्यांच्या घरातून आठ-दहा व्हायोलिनं एकदम, पण एकमेकांशी संबंध न ठेवता वाजत. त्यांचं म्हणणं, वरून प्लायवूडवर बटणं आपटण्याचा आवाज येतो आणि ताल चुकतो. सोसायटीच्या चेअरमननी तातडीची सभा बोलावली. चेअरमन म्हणजे एका कारखान्यातले निवृत्त सुरक्षा अधिकारी. नोकरी सुटली तरी गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती.

"खालच्या हॉलमध्ये खेळा," चेअरमन म्हणाले. "पण हॉल व्यक्तीला मिळत नाही. मंडळाला मिळतो."

"मला फक्त एक टेबल हवंय."

"टेबल मंडळाचं आहे. ते मंडळालाच मिळेल. सात सभासद जमवा, मंडळ करा. मी एक झालो."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. आठवड्याभरात हॉलच्या दारावर पाटी लागली आणि तिच्यावर "मार्गदर्शक" म्हणून मोजणीदारांचा हुद्दा आला. मोजणीदारांनी ती पुसायला सांगितली. चेअरमन म्हणाले, "बघा, किती विनय!" वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, पण इथे लंगड्या गाईला वासरांनी सभा घेऊन, ठराव करून, सर्वानुमते शहाणी ठरवलं होतं. व्हायोलिनवाल्या बाईसुद्धा सभासद झाल्या. आवाज करणाऱ्यांत सामील झालं की आवाजाचा त्रास होत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

मोजणीदारांनी सगळ्यांना पट आखून दिले आणि आपल्याला येत होतं तेवढं शिकवलं. शेवटी जागा मोजायची असते हे मात्र शिकवलं नाही, कारण ते पांडाच करत असे आणि कसं करतो ते यांनाही नीट उमगलं नव्हतं. सभासदांनी आपला सोपा हिशोब बसवला. ज्याच्याकडे कैदी जास्त, तो जिंकला. औषधवाले समोर असले की हाही हिशोब लवकर करावा लागे.

इकडे मोजणीदारांची स्वतःची शिकवणी चालूच होती, आणि एके दिवशी पांड्याला त्यांनी हरवलं. पांड्यानं टोपी उडवली. त्यांना हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण निम्म्या इमारतीचा मार्गदर्शक एका पांड्याला हरवून नाचतोय, हे सांगणार कुणाला? शिवाय आता पटावरचं थोडं दिसायला लागलं होतं. जागा कुंपणानं मिळत नाही. लांब लांब, सैल टाकलेल्या सोंगट्या एकमेकींना दुरून ओळखतात आणि मधली जागा आपोआप आपली होते. पांडा शेवटी जागा कशी मोजतो ते उमगलं होतं, आणि सोंगट्या रेघांवरच ठेवायच्या असतात, चित्र सरकलेलं नव्हतं, हेही कळलं होतं. पण तोवर मंडळाचे सगळे पट आखून झाले होते, आणि चूक सुधारायची तर सभा बोलवावी लागली असती.

डॉक्टर बहिणीकडून परत आले. होणाऱ्या जावयानं मोठ्या कौतुकानं त्यांना सांगितलं, की मुलीच्या बाबांनी इमारतीत मंडळ काढलंय, शिकवतात. भोळा मुलगा. मुलीनं त्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. वडिलांची थाप आपल्या तोंडून जायला नको म्हणून. डॉक्टर म्हणाले, "मग मीच तिथे येतो."

रविवारी संध्याकाळी ते मुलाला घेऊन आले. बगलेत पट, हातात सोंगट्यांचे दोन वाडगे. हॉलमध्ये सगळे सभासद हजर होते. मुलगी दाराशी उभी होती. तिच्याकडे मोजणीदारांनी बघायचं टाळलं. डॉक्टरांनी टेबलावर आपला पट ठेवला आणि एक सोंगटी सहज रेघांच्या छेदावर ठेवून बघितली.

"अहो, अहो!" चेअरमन पुढे झाले. "रेघेवर नाही ठेवायची. घरात ठेवायची."

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"घरात. चौकोनात. पहिल्यांदा सगळ्यांचीच चूक होते. आमचा पट घ्या."

डॉक्टरांनी मंडळाचा प्लायवूडचा पट जवळ ओढला आणि बोटानं चौकोन मोजले. "एकोणीस." थोडा विचार केला. "मग हिशोब तोच आहे. चालेल." त्यांनी मोजणीदारांकडे बघितलं. "पण घरात का?"

"हद्दीवर बांधकाम नको म्हणून," मोजणीदार म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"हं," डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, "आधी किती घेणार?"

गो खेळात कच्च्या खेळाडूला सुरुवातीलाच काही सोंगट्या पटावर ठेवू देतात, म्हणजे डाव रंगतो. त्यात अपमान नसतो. मोजणीदारांना हे माहीत होतं आणि त्यांच्या ओठांवर "नऊ" हा आकडा आलाही होता. पण चेअरमन गरजले, "आमच्या मार्गदर्शकांना सवलत? अहो, सवलत तुम्ही घ्या!" आणि मोजणीदारांच्या तोंडून निघालं, "बरोबरीनं खेळू."

डाव सुरू झाला. मोजणीदार काळ्या घेऊन, डॉक्टर पांढऱ्या. पहिल्या काही खेळी मोजणीदारांनी शहाण्यासारख्या केल्या. लांब लांब, सैल. मग डॉक्टरांनी त्यांच्या कोपऱ्याशेजारी एक पांढरी ठेवली. मोजणीदारांचं रक्त उसळलं. शिकलेलं सगळं विसरून हात आपोआप कुंपण घालू लागले. जित्याची खोड. डॉक्टर घाई न करता इकडे एक, तिकडे एक ठेवत राहिले.

"यांचं एका ठिकाणी लक्ष लागत नाही," चेअरमन औषधवाल्यांच्या कानात म्हणाले, पण सबंध हॉलला ऐकू गेलं.

"वय झालं हो," औषधवाले म्हणाले.

"आपल्यांचं बघा कसं नीटनेटकं! तीन कोपरे बांधून काढले."

मध्येच डॉक्टरांनी दोन सोंगट्या सोडून दिल्या आणि मोजणीदारांनी त्या कैद केल्या. टाळ्या पडल्या. व्हायोलिनवाल्या बाई म्हणाल्या, "शाब्बास!" पण मोजणीदारांना घाम फुटला होता. शिकण्याचा तोटा हा, की आपण हरतोय हे कळायला लागतं. महिनाभरापूर्वी त्यांना या पटावर स्वतःचे तीन भक्कम कोपरे दिसले असते. आता त्यांना बाकीचं सगळं दिसत होतं. त्या दोन सोंगट्या म्हणजे आमिष. त्या उचलण्यात ते गुंतले होते तोवर पटाचा मधला भाग गेला होता.

शेवटी ठेवायला काही उरलं नाही. चेअरमननी कैदी ठेवायच्या डबीत डोकावून बघितलं. "कैदी! आपल्याकडे दोन, पाहुण्यांकडे शून्य. मंडळाचे मार्गदर्शक विजयी!" आणि त्यांनी शिट्टी फुंकली. हॉल टाळ्यांनी भरला. कुणीतरी पाठ थोपटली. होणारा जावई तर उड्या मारत होता. डॉक्टरांकडे वळून चेअरमन म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. पहिल्यांदा असंच होतं."

डॉक्टरांनी वाडगा बाजूला सरकवला. हात गुडघ्यांवर ठेवून ते फक्त मोजणीदारांकडे बघत राहिले. कुठला दात किडलाय हे डॉक्टरला दिसत असतं. तरी तो विचारतो, कुठे दुखतंय?

मोजणीदारांनी एकदा दाराशी उभ्या मुलीकडे बघितलं. गप्प बसायचं, की झालं. एवढा मोठा हॉल त्यांच्या बाजूनं होता. मुलगी टाळ्या वाजवत नव्हती.

मोजणीदारांनी खिशातून पेन्सिल काढली.

"थांबा," ते म्हणाले. हा त्यांचा खात्यातला आवाज होता. घरी तो कुणी ऐकला नव्हता. "मोजणी झालेली नाही."

"मोजले की. दोन!"

"कैदी नाहीत. जागा." ते उठून पटावर वाकले. वर्षानुवर्षं लोकांच्या शिव्या खाऊन ज्या हातानं एका विताचा फरक कधी इकडचा तिकडे केला नाही, तोच हात चौकोनावरून चौकोनावर फिरू लागला. एक एक घर त्यांनी मोठ्यानं मोजलं. वादग्रस्त घरं वेगळी काढली. कैद झालेल्या दोन पांढऱ्या पांढऱ्याच्याच जागेत बसवून तेवढी घरं वजा केली. "काळ्याच्या ताब्यात तीन कोपरे आणि काठाची एक पट्टी," त्यांनी जाहीर केलं. "बाकी सबंध क्षेत्र पांढऱ्याचं. फरक इतका, की अपिलाला जागा नाही. मी हरलोय."

पाठ थोपटणारे हात मागे झाले. मग चेअरमन म्हणाले, "हरकत. मंडळाच्या नियमात कैदी मोजतात."

"तो नियम चुकीचा आहे. आणि चुकीचं मीच शिकवलं."

"चुकीचा असेल. पण लागू आहे. बदलायचा तर सभा लागते." त्यांनी घड्याळ बघितलं. "सभासद हजर आहेत. सभाच घेऊ. मार्गदर्शक जिंकले असं ज्यांचं मत आहे, त्यांनी हात वर करा."

भराभर हात वर गेले. विरोधात एकटे मोजणीदार. औषधवाले गोळी चघळत असल्यामुळे तटस्थ राहिले.

"ठराव बहुमतानं मंजूर," चेअरमन म्हणाले.

तेव्हा डॉक्टर हसले. एकदम, मोठ्यानं, उत्तम दात दाखवत. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "खरं सांगा. कधीपासून खेळता?"

"तुमच्याकडे चहाला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," मोजणीदार म्हणाले.

डॉक्टर पांढऱ्या सोंगट्या वाडग्यात भरू लागले. एकेक, सावकाश. मुलगी दारातून दोन पावलं पुढे आली. वाडगा भरल्यावर डॉक्टरांनी झाकण लावलं.

"खेळ तुम्हाला येत नाही," ते म्हणाले. "मोजणी मात्र अचूक. एक घर इकडचं तिकडे नाही. मी मनात मोजत होतो." ते उठले. "पुढच्या रविवारी आमच्याकडे या. सगळेच या. तारखेचं बोलून घेऊ. आणि डावाला नऊ आधी घ्या."

मोजणीदारांच्या खांद्यावरून ओझं उतरलं. ते उतरल्याबरोबर त्याच जागी त्यांचा स्वाभिमान परत येऊन बसला.

"नऊ जास्त होतात," ते म्हणाले. "सात."

"नऊ."

"बरं, आठ."

"बाबा!" मुलगी म्हणाली.

"नऊ," डॉक्टर म्हणाले, "आणि कुंपण घालायचं नाही."

लग्नाची तारीख ठरली. मोजणीदार आता दर रविवारी व्याह्यांकडे जातात, नऊ सोंगट्या आधी मांडतात, आणि हरतात. पण हल्ली फरक कमी होतोय असं त्यांचं म्हणणं आहे. डॉक्टरांचं म्हणणं, "हं." सोमवारी सकाळी जिन्यात चेअरमन हटकून भेटतात. "काय मार्गदर्शक, कालही लोळवलंत ना व्याह्यांना?"

"नाही हो. हरलो."

"बघा!" चेअरमन बरोबरच्या माणसाला म्हणतात. "मोठी माणसं अशी असतात. शिका जरा."

मोजणीदार खरं तेच सांगतात. दर सोमवारी सांगतात, किती घरांनी हरलो तेही सांगतात. आणि जितकं सांगतात, तितका त्यांचा मान इमारतीत वाढत चालला आहे.